इथे झोपता किती जण?

आमच्या जीजाजींना अख्ख्या रायपुरात एकही घर असं सापडलेलं नाही, की जिथला एसी त्यांच्या मते बरोबर मापाचा आहे. माझ्या सख्ख्या ताईचे हे यजमान सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीजवळ जन्म काढून रिटायर झाले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरातली गरमी मोजत हिंडतात. कुणाकडे गेले की बसणं माहीतच नाही. बूड टेकतं न टेकतं तोच उठतील, पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावतील, पडदा सरकवून ऊन बघतील. आणि मग तो प्रश्न, ज्याच्यापायी ताईला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं: "इथे झोपता किती जण?" एका बारशाला हे त्यांनी घरच्या नव्या सुनेलाच विचारलं. ती बिचारी लाजून चूर. जीजाजी आपले समजावताहेत, "अवं, माणूस म्हणजे लहानशी शेगडीच असते. मोजा लागते."

मोठ्या मशीनचा तर त्यांना भारी राग. एकदा मी पंखा घ्यायला त्यांना दुकानात नेलं, तर पंखा राहिला बाजूला आणि हे एसी बघणाऱ्या एका नवरा-बायकोच्या मागे लागले. "दोघंच आहा ना? मग दोन टन काहून? खोली झटक्यात थंड होईन, मशीन बंद पडून राहीन, अन् हवेतली ओल तशीच. गार पण चिकट! डबक्यातल्या बेडकावानी बसान दोघं." दुकानदार हात जोडून म्हणाला, "भैया, आप चाय पीजिए ना." भैयांनी चहा प्याला, तोही उभ्या-उभ्या, आणि जाताना दुकानाच्या छताचंही माप काढलं. पंखा मी दुसऱ्या दिवशी एकटीने आणला.

आणि आता ऐका गंमत. गंमत कसली, माझं डोकंच फिरतं. या माणसाच्या समता कॉलोनीतल्या घरात एसी नव्हता! एक खडखडणारा कूलर. मे महिन्यात ठीक, पण पावसाळ्यातल्या उकाड्यात कूलर म्हणजे तोंडावर ओला पंचा. ताईच्या मानेपासून कमरेपर्यंत घामोळं, रात्र-रात्र झोप नाही. दरवर्षी ती म्हणायची, "आणा हो आता." दरवर्षी हे टेप घेऊन खोली मोजायचे, येरझारा घालायचे आणि शेवटी म्हणायचे, "थांब, हिसाब बसून नाही राहिला." त्यांचा मुलगा बेंगळुरूला, मुलगी हैदराबादला. फोनवर दोघांचं एकच, "पापा, इस बार पक्का आएँगे." की लगेच हिसाब पुन्हा पहिल्यापासून.

एका ऑगस्टात ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी बूढ़ापाऱ्यातल्या माझ्या घरून धावत गेले आणि जीजाजींना जे नाही ते बोलले. "सगळ्या गावाचं माप काढता, बायको मरायला टेकली तरी तुमचा हिसाब होत नाही?" ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत नुसते चालत होते. मग थांबले. "हिसाब कवाचाच झाला, छोटी. दोघांले एक टन पुरते. पण एक टन आणला म्हणजे पोट्टे आता येत नाहीत, हे मीच लिहून दिल्यासारखं होते ना."

दुसऱ्या दिवशी एसी आला. चार दिवसांनी मी बघायला गेले. ताई आणि जीजाजी पलंगाच्या दोन टोकांना शाली पांघरून बसले होते. खोली गारठलेली, चादर ओलसर, भिंतीला हात लावला तर चिकट. मशीन बंद होऊन गप्प पडलं होतं. मी वर पाहिलं. दोन टन! मला हसू आवरेना. "काय जीजाजी, डबक्यातले बेडूक?" ते हसले नाहीत. "मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "माणसं कमी पडून राहिली." ताईने शाल डोळ्यांवरून फिरवली आणि चहा ठेवायला उठली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी नवऱ्याला, पोरींना, कधी शेजारणीलाही घेऊन तिथे जाते. खाली सतरंज्या अंथरतो, चिवडा फुटतो, पत्त्यांवरून भांडणं होतात, आणि एवढ्या शेगड्या पेटल्या की ते मशीन एकदाचं न थांबता चालतं. जीजाजी उठून भिंतीला तळवा लावतात, आम्हाला एकेकाला डोळ्यांनी मोजतात आणि चक्क खुर्चीत बसतात. ताईचा तर तिथेच डोळा लागतो. संध्याकाळ झाली की मी चपला शोधायला उठते. तेव्हा मात्र ते माझ्याकडे न बघता, वर मशीनकडे बघत म्हणतात, "बस ना अजून थोडी. आत्ता कुठं हवा कोरडी होऊन राहिली."