टोनअण्णांचा तिसरा दिवा

मी एकदा टेलिफोनला झबलं विणलं, आणि त्या झबल्यापायी एका मुलीला नेसत्या साडीनिशी गाव सोडावं लागलं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फारसं नाही. तेव्हा मी चाळिशीची, दोन पोरांची आई, टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. आणि अक्कल म्हणाल तर क्रोशाच्या सुईच्या टोकावर मावेल एवढी. ही गोष्ट ज्या माणसानं पहिल्याच दिवशी ओळखली, ते टोनअण्णा.

खरं नाव त्यांचं काहीतरी लांबलचक होतं. हुबळीत टेलिफोनची कामं करायचे. फोन कोणाचाही असो, रिसीव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि टोन ऐकत उभं राहायचं, हा त्यांचा नेम. देवळात घंटा वाजवून नाद विरेपर्यंत थांबणारी माणसं असतात ना, तसे. मध्येच कोणी बोललं तर हात वर करायचे. स्वतः मात्र फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तारेला पोट नसतं, अक्का. आत घालाल ते सगळं बाहेर येतं."

कमरीपेठेतल्या एका माडीवर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. आतल्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत त्यांचा ज्युनियर, बाहेरच्या खोलीत मी. फोन एकच, माझ्या टेबलावर. तो वाजला की "साहेब, फोन!" अशी आरोळी ठोकायची आणि साहेबांनी धोतराचा सोगा सावरत यायचं. शेवटी साहेब कंटाळले. नंबर तोच ठेवून सगळ्या खोल्यांत फोन वाजले पाहिजेत, ज्याच्या हाताशी असेल त्यानं उचलावा, असं ठरलं. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. चार फोनांचं ऑफिस म्हणजे केवढा रुबाब! हो, चारच. तीन पुरले असते. चौथा माझ्या डोक्यातून निघाला. बाहेरच्या खोलीत कपाटाच्या आड पक्षकारांसाठी बाक होता. त्या बाकाशेजारच्या स्टुलावर एक फोन असावा, लोकांना दिसावा, असं मला वाटलं.

अण्णा बाकाकडे बघत राहिले. "इथं कोण बसतं?"

"पक्षकार."

"कोणाचे?"

"आमचेच की! दुसऱ्यांचे कशाला येतील?"

"तुम्ही नाव विचारून बसवता?"

"अण्णा, हे वकिलाचं ऑफिस आहे, पोलीसचौकी नव्हे."

"बेड्री अक्का," ते म्हणाले, "नको. टेबलावर टेबलाचा फोन. बाकावर फक्त बाक." पण मी साहेबांकडून होकार आणलाच होता. अण्णांनी मान हलवली आणि काम सुरू केलं.

चारही फोनांच्या तारा त्यांनी माझ्या टेबलाखाली आणून जोडल्या. त्या दिवशी त्यांनी न सांगता एक जास्तीचं काम केलं. साबणाच्या वडीएवढी एक पेटी माझ्या फोनला चिकटवली. तिच्यावर डाळिंबाच्या दाण्यासारखे तीन तांबडे दिवे. साहेबांनी उचलला तर पहिला लागणार, ज्युनियरनं उचलला तर दुसरा, बाकावरचा उचलला तर तिसरा. "तुम्ही बोलताना तिसरा लागला, तर तोंड मिटायचं," ते म्हणाले. "दिव्याकडे लक्ष नसलं तरी आवाजाकडे ठेवा. एका तांब्यातलं दूध दोघांत वाटलं की कमी येतं. आवाज एकदम खोल गेला, तर समजा कोणीतरी पितंय."

मी मान डोलावली. आणि आठवड्याभरात त्या फोनला झबलं विणलं. तेव्हा घराघरांत टीव्हीला, मिक्सरला, रेडिओला सगळ्यांना कपडे असत. माझाच फोन काय म्हणून उघडा? पांढऱ्या दोऱ्याचं, गुलाबी काठाचं, दोन्ही बाजूंना हंस. तिन्ही दिवे हंसाच्या पोटाखाली गेले.

अण्णा दर मंगळवारी दुपारी न बोलावता यायचे. चारही फोन कानाला लावायचे, माझ्या हातचा चहा घ्यायचे आणि जायचे. झबलं पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "छान आहे. काढून ठेवा." मी म्हटलं, "तुम्हांला मेलं कौतुक कशाचंच नाही." पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच म्हणाले. मी झबल्याला काठ आणखी रुंद लावला.

आमची एक पक्षकार होती. सप्तापूरला गिरणीच्या वर खोली घेऊन राहायची, तिथल्या शाळेत शिकवायची. सगळे तिला टीचर म्हणत. नवऱ्यानं एकदा तिच्या अंगावर रॉकेल ओतलं होतं. काडी ओली निघाली म्हणून ती उरली. सासरच्यांना तिचा पत्ता माहीत नव्हता. साहेबांनी तो फायलीतही लिहू दिला नव्हता. फक्त त्यांच्या डोक्यात होता.

त्याच सुमारास बाकावर एक माणूस येऊन बसायला लागला. खरेदीखत दाखवायचं आहे म्हणाला. साहेब कोर्टात असले तरी थांबायचा. गोड बोलायचा. मी त्याला पाणी द्यायची, एकदा घरचा चिवडाही दिला. झबलं बघून म्हणाला, "अक्का, हे तुम्ही विणलंत? आमच्या वहिनीलाही फार छान येतं हो. सध्या घरी नाही ती." मी फुलून गेले.

तो मंगळवारच होता. साहेब कोर्टात, ज्युनियर जेवायला. फोन वाजला. टीचर. घराखालच्या बूथवरून बोलत होती. तिच्या सहीचे कागद टपालानं पाठवायचे होते, आणि मला नसती हुशारी सुचली. म्हटलं, "पत्ता सांग, मीच टाकते, साहेबांना कशाला त्रास?"

"फोनवर सांगू, अक्का?"

"सांग की. इथं माझ्याशिवाय आहे कोण?"

ती सांगायला लागली आणि आवाज एकदम खोल गेला, विहिरीतून आल्यासारखा. आता शहाणी बाई काय करील? गप्प बसेल. मी काय केलं? ओरडले, "मोठ्यानं बोल गं, ऐकू येईना!" त्या पोरीनं बिचारीनं सगळा पत्ता पुन्हा सांगितला. सावकाश, एकेक शब्द तोडून. हंसांच्या पोटाखाली तेव्हा काय लागलं होतं, ते आज तुम्हांला कळतं. मला कळलं नाही.

फोन ठेवला. कपाटाआडून तो माणूस उठून आला. "येतो अक्का," म्हणाला. "काम झालं." साहेबांना न भेटता कसलं काम झालं, असंही माझ्या मनात आलं नाही. मी त्याला "या हां," म्हटलं.

जिन्यावर त्याला ओलांडून अण्णा वर आले. नेहमीप्रमाणे आधी बाकावरचा फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"हा आत्ता कोणी उचलला होता?"

"कोणी नाही."

"कानाची जागा गरम आहे, अक्का."

माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी दोन बोटांनी झबलं उचललं. विझलेल्या तीन दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही कोणाशी बोलत होता?" मी सांगितलं. ऐकलेला पत्ताही सांगितला. बाकावरचा तो माणूस वहिनीबद्दल काय बोलला होता तेही सांगितलं, आणि सांगता सांगताच ती वहिनी कोण ते मला समजलं.

अण्णा रागावले नाहीत. आधी बाकीच्या तिन्ही फोनांच्या तारा उपटल्या, मग नंबर फिरवला. त्या बूथचा फोन त्यांनीच बसवलेला. "गिरणीवरच्या टीचरला खाली बोलवा. चपला घालून." ती आल्यावर म्हणाले, "अम्मा, पिशवी घेऊ नका. वर जाऊन रेडिओ लावून ठेवा, पुढच्या दाराला आतून कडी घाला, मागच्या जिन्यानं निघा." पुढं कुठं जायचं ते हातानं तोंड झाकून, कानडीत, इतकं हळू सांगितलं की समोर बसून मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

दिवेलागणीला तिघं जण गिरणीपाशी उतरले. वर रेडिओ चालू होता, म्हणजे ती आहे, खाली उतरेल, असं समजून अर्धा तास दबा धरून बसले, मग दार फोडलं. खोली रिकामी. टीचर वाचली. पण शाळा गेली, खोली गेली, गाव गेलं. ती कुठं आहे हे मी अण्णांना एकदाच विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणाले, "टोन बरा आहे," आणि उठले.

बाकावरचा फोन ते त्याच दिवशी काढून घेऊन गेले. दिव्यांची पेटी ठेवली. पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, साहेबांनी ऑफिस बंद केलं, आणि तारा गुंडाळायलाही अण्णाच आले. एव्हाना त्यांना कानानं कमी ऐकू यायचं. तरी शेवटचा फोन कानाला लावून किती तरी वेळ उभे होते. टोन ऐकू आला की नाही, कोणास ठाऊक. ती पेटी माझ्या हातात दिली आणि जिना उतरले. त्यानंतर वर्षभरात ते गेल्याचं कळलं. पेटी माझ्या देवघराशेजारी आहे. नातवंडं चारचौघांत फोन मोठ्या आवाजात लावून बोलतात, तेव्हा माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. पोरं म्हणतात, आजीला भ्रम झालाय.

पण मला खरी शिक्षा मिळाली ती त्या मंगळवारनंतर आठ-नऊ महिन्यांनी, एका फोनवर. तोवर झबलं मी चुलीत घातलं होतं. फोन उचलला, पलीकडे कोणीच बोलेना. मी तीन-चारदा हॅलो म्हटलं. मग ओळखीचा आवाज आला, शांत, एकेक शब्द तोडून:

"अक्का, अण्णांनी सांगितलंय, आधी दिवे बघा. बघितलेत? विझलेले आहेत ना? बरं. तरी मी कुठं आहे ते तुम्हांला सांगणार नाही. जिवंत आहे, एवढं साहेबांना सांगा."