मेंढ्यांनाही न चालणारे टोमॅटो

मंडळी, आज सकाळी आमच्या बोरीतल्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये मेंढ्या सोडायचं ठरवलं. पानं-फळं पोखरणाऱ्या नागअळीनं एकही फळ विकण्याजोगं ठेवलं नव्हतं.

ओळखीचे मेंढपाळ भाऊ कळप घेऊन आले. बांधावरच थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, औषध कधी मारलं व्हतं?"

"परवाच," मी म्हणाले.

"मग न्हाई जमायचं. मेंढ्या मरतील माझ्या." कळप वळवून ते निघून गेले.

आमच्या यांनी झाडं उपटायला घेतली. दुपारी अर्धी भाकरी तशीच ठेवून म्हणाले, "उद्यापास्नं आळेफाट्याला हॉटेलात कामाला जातो. शेत तू बघ."

मी विचारलं, "आता त्यात बघू काय?"

तुमच्यापैकी कुणाच्या शेतात ही अळी खरंच आटोक्यात आलीय का? आमच्याकडं एकाही औषधानं आली नाही.