धाकटीची लाँड्री

धाकट्या बहिणीनं नोकरी सोडून लाँड्री काढायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी तिला एकच अट घातली. आधी ताईला विचार, ती व्हय म्हणाली तर कर.

ताई म्हणजे मी. सिडकोतल्या एका सीएच्या ऑफिसात मी कर्जासाठी बँकेत जाणाऱ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करते. पापडवाले, बेकरीवाले, पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशीन टाकणारे, सगळे आधी माझ्या टेबलासमोर बसतात. कुणाचा धंदा तग धरेल आणि कुणाचा बसेल, हे बऱ्यापैकी कळतं मला. आपणही काहीतरी काढावं असं मी एकदा घरात बोलले होते. तेव्हा वडील म्हणाले होते, चांगली नोकरी आहे, कशाला नसत्या भानगडी.

बहीण चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. कामगारांचे ऑइलनं माखलेले कपडे घरी जातात, घरच्या कपड्यांत धुता येत नाहीत, डागही निघत नाहीत, हे ती रोज बघत होती. कारखान्यांशीच करार करून ते कपडे उचलायचे आणि धुऊन, इस्त्री करून परत पोचवायचे, असं तिचं म्हणणं. दोन-तीन मॅनेजरांशी ती बोलूनही आली होती.

ती सांगत होती आणि माझा जळफळाट होत होता. कारण कल्पना चांगली होती. वडील कौतुकानं तिच्याकडं बघत होते, ते तर बघवेना.

मी खोट शोधायला लागले. कपडे अदलाबदल झाले तर? कॉलरीला नंबर शिवणार, म्हणाली. कारखाना बंद राहिला तर? म्हणून तर एकावर भिस्त नाही. प्रत्येक उत्तर तयार होतं. मग मी पाण्याचं विचारलं. चिकलठाण्यातल्या एका गल्लीत तिनं शेड बघून ठेवलं होतं, आणि पाणी टँकरनं घेणार होती.

तिथं मी तिला धरलं. उन्हाळ्यात घरच्या प्यायच्या पाण्याला टँकर वेळेवर येत नाही, तर मशिनींना कुठून येणार? आणि ते तेलकट पाणी गल्लीच्या गटारात सोडलं तर शेजारी गप्प बसतील का? मी बराच वेळ बोलत राहिले. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण तिचा चेहरा उतरत चालला तसं मला आतून बरं वाटत गेलं.

"म्हणजे चालणार नाय?" वडिलांनी विचारलं.

"इथं नाय चालणार," मी म्हटलं.

बहिणीनं मान वर केली. मग म्हणाली, "इथं नाय, मग कुठं चालंल, ताई?"

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. पण टेबलासमोरच्या माणसाला मी कधी अर्धवट सल्ला दिलेला नाही, आणि आपल्याला येतं ते तिला कळावं, हाही तोरा होताच. मी बिडकीनकडचं सांगितलं. तिकडं नव्या औद्योगिक भागात पाण्याची लाइन आहे, सांडपाण्याची सोय आहे, कारखानेही येतायत.

तिनं तिकडंच जागा घेतली. आज तिच्याकडं आठ-दहा बायका कामाला आहेत.

उद्घाटनाला तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "ताईनं अडवलं नसतं तर मी बुडाले असते." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले, पण ते आभार मला बोचले. तिनं मला विसरायला हवं होतं, म्हणजे निदान रागवायला जागा राहिली असती, असं वाटलं.

महिनाभरानं तिनं विचारलं, शनिवारी येऊन हिशेब बघशील का?

"हिशेब नाय बघणार," मी म्हटलं. "नवे कारखाने मिळवायला मी जाईन. आणि धंद्यात वाटा पाहिजे."

तिनं चहा संपवला. "मला वाटलं तू कधी मागणारच नाय," म्हणाली.

आता शनिवारी मी बिडकीनला जाते. मागच्याच आठवड्यात एका मोठ्या कारखान्याचं काम मी आणलं. तिथला मॅनेजर कुणाला तरी फोनवर सांगत होता, लाँड्रीवाल्या मॅडमच्या बहीण आल्यात. परतताना बसमध्ये तेच कानात घुमत होतं.