होडीसाठी गाडी

गाडी बघायला गेल्या की मालतीकाकू आधी तिच्या मागे जायच्या. पदर खोचून खाली वाकायच्या आणि गाडीच्या पोटाखालचा सांगाडा न्याहाळायच्या. शोरूममधला पोरगा पुढे स्क्रीन, स्पीकर, छताची काच दाखवत असायचा. काकू मागूनच त्याला कन्नडमध्ये विचारायच्या, "तम्मा, ही गाडी होडी ओढेल का?"

"ओढेल की, मॅडम."

"ओढणारे पुष्कळ भेटतात रे. उतारावर होडी अंगावर आली तर थांबेल का, ते सांग."

जे. पी. नगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळच्या कारवारच्या, पण सगळा संसार बेंगळुरूत झालेला. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली. मला गाडी चालवता येते, एवढ्यावरच त्यांनी मला सोबतीला धरलं. त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी जीपमागे चाकांच्या गाड्यावर ठेवलेली आपली छोटी फायबरची होडी जोडून ते धरणावर गळ टाकायला जात. जीप मोडीत निघाली, आणि दुसरी घेण्याआधीच अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. होडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली.

"यांना एकदा पाण्यावर न्यायचंय," काकू म्हणाल्या, आणि साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. "हात थरथरतात गं. पण स्वल्प थरथरले तर चालतंय."

पसंत पडलेली प्रत्येक गाडी त्या अण्णांना दाखवायला नेत. अण्णा पुढच्या सीटवर बसत आणि डावा हात हलवत. नको. हलकी गाडी नाकारली, तेव्हा आम्हालाही पटलं. पण मग दणकट गाड्यांनाही नकारच. शेवटी शिवाजीनगरच्या एका गॅरेजात जुनी डिझेल जीप सापडली. वजनदार, चारही चाकांना जोर, ब्रेक घट्ट, मागे आकडाही जोडलेला. या वेळी माझी खात्रीच होती. अण्णांनी पुन्हा हात हलवला.

काकू जीपच्या त्यांच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, गाडी नकोय, की यायचंच नाहीये?"

अण्णांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

काकूंनी पदराने त्यांचा चेहरा पुसला. "तिथले मासेमार तुम्हाला ओळखतात. त्यांच्यासमोर पोत्यासारखं उचलून होडीत ठेवतील, म्हणून?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

"सरी, ठीक आहे," काकू म्हणाल्या. "मग होडीत मी बसते. जन्मभर डबा भरून दिला, तुम्ही जाता कुठे ते कधी बघितलं नाही. तुम्ही काठावरून बघा."

अण्णांनी डाव्या हाताने जीपचा डॅशबोर्ड थोपटला.

धरणावर काकूंनी होडी पाण्यात उतरवायला घेतली. जीप मागे घेताना होडीचा गाडा भलतीकडेच वळायचा. अण्णा शेजारून बोटाने दाखवत होते, इकडे, आता तिकडे. ते हात दाखवतील तसं काकू चाक फिरवत गेल्या. होडी तरंगली. अण्णांच्या ओळखीचा एक मासेमार वल्ही घेऊन बसला आणि काकू जीव मुठीत धरून आत चढल्या. होडी ठिपक्याएवढी झाली, तेव्हा अण्णांनी खिडकीच्या काठावर कोपर टेकवून हात वर केला. ती परत येईपर्यंत खाली घेतला नाही. मी शेजारी बसून होते. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या थंडीत अण्णा गेले.

त्यांचा मुलगा म्हणाला, जीप विकून टाकू. एका दुपारी काकू जिन्यात भेटल्या. साडीचा काठ चिखलाने भरलेला, हातात रिकामी ताडपत्री. मी विचारलं, "काकू, धरणावर?"

"गेले होते. एकटीच. होडी नीट उतरवली गं, चुकले नाही कुठे." त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "पण बसलेच नाही. काठावर बघायला कोण होतं? मग त्या मासेमाराला म्हटलं, तूच ठेव."