लातुरात ट्रोकोफोर

कमिटी यायला तीन दिवस उरले होते आणि माझे किडे तोंड बाहेर काढेनात.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, एस.पी. मिळाला; पाऊस तेवढा मिळाला नव्हता. गावाला टँकरचं पाणी. त्यात आमच्या कॉलेजनं एम.एस्सी. झूऑलॉजीचा वर्ग मागितलेला. विद्यापीठाची कमिटी लॅब बघून ठरवणार होती. काय दाखवणार, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या तोंडानं सांगून बसलो, समुद्री किड्यांची जिवंत अळी.

"प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्र आणताय," एवढंच ते म्हणाले.

हे किडे दगडावर चुन्याची नळी बांधून तिच्यात राहतात आणि पिसांचा तुरा बाहेर काढून खातात. त्यांच्या अंड्यातून किडा निघत नाही, निघते भोवऱ्यासारखी अळी, कमरेला केसांचा पट्टा असलेली. तिला ट्रोकोफोर म्हणतात. गंमत अशी की कितीतरी समुद्री गोगलगायी, शिंपल्यांची अळीही जवळपास अशीच असते. मोठेपणी ज्यांचं एकमेकांशी काही जमत नाही त्यांचं बाळपण सारखं, म्हणजे मूळ घराणं एकच असावं, असा हा पुरावा. पुस्तकातल्या चित्रात तो कोणीही दाखवतो. मला तो पोहताना दाखवायचा होता.

रत्नागिरीच्या एका मित्रानं किडे लागलेले दगड आणि समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन एस.टी.नं पाठवले. मी दगड ट्रेमध्ये ठेवले. वर पाटी लावली, गोड्या पाण्याचा थेंबही घालू नये. उन्हाळा असा की ट्रेमधलं पाणी दिवसात दोन बोटं उतरायचं. मी रोज कॅनमधून भर घालायचो. चौथ्या दिवशी सगळे तुरे आत.

माझ्यापेक्षा जास्त जीव शैलजाचा खालीवर होत होता. ती कंधारची, मामाकडं राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, लातुरात वर्ग निघाला तर शीक, औरंगाबादला धाडणार न्हाई. स्थळं बघणं सुरू झालं होतं.

मी तिसरा कॅन मागवण्यासाठी ट्रंक कॉल लावायला निघालो. लॅब अटेंडंट गंगाबाई फरशी पुसता पुसता थांबल्या.

"सर, रागावू नका. आमटी आटली की खारट होती. मग तिच्यात आणिक आमटी वततेत का? साधं पाणीच वततेत की."

मी जागच्या जागी उभा राहिलो. उन्हानं पाणी उडत होतं, मीठ ट्रेमध्येच राहत होतं, आणि वरून मी रोज आणखी मीठ घालत होतो. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा सांगणारी नळी, कपाटात होती. बुडवून पाहिली. नेहमीच्या खुणेपेक्षा कितीतरी वर तरंगली. बावीस वर्षं शिकवून ही अक्कल. मला खरंच लाज वाटली.

आता साधं पाणी आणायचं कुठून? टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर, ती किड्यांना विष. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाई हापश्यावर नंबर लावून भरलेली घागर घेऊन आल्या. घरी काय ठेवलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आज धुणं न्हाई.

थोडं थोडं पाणी घालत हायड्रोमीटर जागेवर आणला. दुपारी पहिला तुरा बाहेर आला. शैलजा ट्रेपाशी बसून तुरे मोजत होती, आणि मोजताना तिचे डोळे भरून आले होते. कमिटीच्या आदल्या दिवशी आम्ही नर-मादी नळीतून काढून अंडी फळवली. सकाळी मायक्रोस्कोपखाली भोवरे गरगरत होते.

कमिटीचे अध्यक्ष बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग त्यांनी शैलजाला विचारलं, गांडूळ या किड्यांच्याच कुळातलं, मग त्याला अशी अळी का नाही?

माझ्या नोट्समध्ये याचं चार ओळींचं उत्तर होतं. ती घाबरली, ते विसरली आणि गावच्या बोलीवर आली.

"सर, समुद्रात लेकरू पवायला सोडलं तर चालतंय. गांडूळ ऱ्हातंय मातीत. तिथं पाणीच न्हाई तर सोडंल कुठं? मग पिशवी करून तिच्यातच वाढवतंय. मोठ्या गांडुळासारखं झालं की भाईर."

अध्यक्षांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. कपाटं, बाकं, वायरिंग यांवर मात्र दीड पान लिहिलं.

जूनमध्ये मंजुरी आली. पहिल्या बॅचच्या रजिस्टरात पहिलं नाव शैलजाचं आहे. फॉर्मवर सही करायला वडील स्वतः कंधारहून आले होते. मी माझ्या नोट्समधल्या त्या चार ओळी खोडल्या आणि पुढं निवृत्त होईपर्यंत तिचंच उत्तर शिकवलं. मुलांना ते एकदाच सांगावं लागायचं.