चिंचोके मोजणारे साहेब

छप्पन-सत्तावन साली मी भातकुलीच्या शाळेत नवाच मास्तर होतो. गणिताची परीक्षा घ्यायला एक दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, आले. खुर्ची बाजूला सारून ते पोरांतच मांडी घालून बसले आणि एका पोरीपुढे मूठभर चिंचोके ठेवले. नापास झाली तर बाप तिला शाळेतून काढणार होता.

"लाभ, दोन, तीन..." ती मोजू लागली.

"एक कुठं गेला?" मी खेकसलो.

साहेबांनी मला हातानंच थांबवलं. "घरी ज्वारी कोण मापते वं?"

"बाबा. पयल्या मापाले लाभ म्हणते."

"बरोबर हाय. मोज पुढं."

तिनं मुठीतले सगळे सतरा चिंचोके बिनचूक मोजले.

धोतर झटकत उठताना साहेब मला म्हणाले, "पोरीले मोजता येते, मास्तर. तुमालेच आयकता येत नाई."

त्यानंतर खुर्चीवर बसून मी कुठल्याच पोराचं गणित तपासलं नाही.