काकूंच्या तिळाच्या वड्या

नेदरलँड्समधल्या ब्रेडात नव्याने आलेल्या मराठी बाईला एक वेळ ऊन भेटत नसे, पण काकू भेटल्याशिवाय राहत नसत. ती गेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवून घरी पोचते न पोचते तोच काकू दारात. एका हातात चिवड्याची पिशवी, दुसऱ्या हातात सायकल. "डिपेंडंट व्हिसा पासपोर्टवर असतो, डोक्यात नाही. चल, बस," असं म्हणून त्या तिला थेट आपल्या चकल्या-वड्यांच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये नेत आणि साठी उलटलेली असताना सायकलमागे धावत. "धरलंय गं, धरलंय," असं सांगत असताना हात त्यांनी केव्हाच सोडलेला असे. मीही अशीच शिकले.

यजमान गेले तेव्हा मागे बक्कळ पैसा होता. सगळे म्हणाले, पुण्याला परत जा. काकूंनी गावाबाहेरची बंद पडलेली बेकरी विकत घेतली, चकल्या आणि तिळाच्या वड्या करायला घेतल्या आणि आम्हा घरी बसलेल्या बायकांना कामाला लावलं. वाखनिंगनला शिकायला आलेल्या कितीतरी मुलींचं घरभाडं त्या भरत, पण आभार मानलेले त्यांना अजिबात खपत नसत. एकदा चार मुली फुलं घेऊन आल्या, तर बाई शीतगृहात जाऊन लपल्या आणि त्या गेल्यावर पडसं घेऊन बाहेर आल्या. कारखान्याचा निळा कोट आणि पँट हा त्यांचा एकमेव वेष. लग्नातसुद्धा तोच. "साडी मशीनमध्ये अडकते," असं त्या मांडवात उभ्या राहून सांगत.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी माझ्याकडे असतं. वड्या काकूंच्या, वाणाचे स्टीलचे डबेही काकूंचे. आमंत्रण तेवढं त्यांना जात नसे. असं कुणी ठरवलं नव्हतं. यादी मीच करायचे, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, अशी मनाची समजूत घालायचे.

गेल्या वर्षी ड्रायव्हर आजारी आहे म्हणून खोके घेऊन काकू स्वतः आल्या. आत बायकांचा हशा चालला होता. त्या पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. मी खोके घेतले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही घाईत असाल ना?"

त्यांनी क्षणभर आत पाहिलं. "हो गं. व्हॅन चुकीच्या जागी लावलीये."

मी खिडकीतून बघितलं. व्हॅन पांढऱ्या चौकटीत अगदी नीट लावलेली होती.

मार्चमध्ये काकू अचानक गेल्या. यंदा मी यादीत सगळ्या बायकांची नावं घातली, नवरा असलेल्या, नसलेल्या, सगळ्यांची. कुणीही हरकत घेतली नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. इतकं सोपं होतं ते.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. दारात उभ्या असलेल्या काकूंच्या निळ्या कोटाखाली पँट नव्हती. जांभळ्या साडीचे जरीचे काठ होते. ते मला तेव्हाही दिसले होते.